पोटुशी चिगळ

अन्याय झाला तो चिगळ ही आंबट रानभाजी खुडून विकणाऱ्या एका मावशीवर, गेल्या रविवारी सकाळी साडेआठ वाजता, जुळे सोलापुरात, आमच्याच सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर. सेक्रेटरी गॅलरीतून ओरडले, "निघा इथून! पुढच्या रविवारी तणनाशक मारून सगळं साफ करणार आहोत."

मी 'निसर्ग वाचवा'च्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन भांडायला धावले. मावशी मात्र उकिडवी बसून खुशाल शेंडे खुडत होती. तिनं आंबट पाला माझ्याच तोंडात कोंबला. "वरडून दमशील. आदी खा की!"

खाल्ला, आणि हावरटासारखी मीही एक शेंडा खुडायला गेले. हातावर चापट बसली.

"ए येडे! बी धरलंय तिनं. पोटुशीला हात लावत्यात व्हय?"

बी धरलेलं एकूणएक झाड ती असंच सोडते, म्हणून तर न पेरता दरसाल हा प्लॉट चिगळीनं भरतो. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग तिनं माझ्या 'निसर्ग वाचवा' पत्रकात जुडी गुंडाळली. "कागद झ्याक हाय गं, फाटत न्हाय!" त्या पत्रकाचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

निघताना ती म्हणाली, "मी जाईन की दुसरीकडं. ह्या पोटुश्या कुटं जातील?"

या रविवारी तणनाशकाचा पंप येतोय. तुम्ही त्याच्या आधी या. पिशवी आणा, पंपापुढे उकिडवे बसा, मनसोक्त चिगळ न्या. फक्त पोटुशीला हात लावू नका.