कुरणाची बोली
इथं परमुलखात, गिरणीसमोर कुणी हिरवं गवत कापलं की त्या वासानं मला अजून गावाकडचं कुरण आठवतं. मी चौथीतून शाळा सोडलेली, पण हिशेब येतो म्हणून मामानं सरकारी कुरणाच्या लिलावाआधी गवताचा अंदाज काढायला मलाच पाठवलं. बोली चुकली तर बैलजोडी जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. रीत अशी, की कुरणात चार लांब लांब जागी थोडं थोडं गवत कापायचं आणि पेंढ्या मोजून सगळ्या कुरणाचा आकडा काढायचा. उन्हाला कंटाळून मी चारही जागा नाल्याकाठच्या सावलीतच कापल्या, जिथं गवत दाट होतं. मंगरूळपीरच्या लिलावात मामा माझ्या आकड्यावर बोली चढवत गेला. दुसरा ठेकेदार हसून म्हणाला, "पाटील, आत माळावर पाह्यलं काय? तिथं तं निरी कुसळं हायेत." मामानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, पाहिलं म्हणून. कुरण आम्हाला सुटलं. विळे घेऊन आत गेलो, तर सगळीकडं जनावर तोंड लावणार नाही असं वाळकं कुसळी गवत. बैल विकून मामानं सरकारचा भरणा केला. मी रडायला लागलो तर एवढंच म्हणाला, "काहून रडून राह्यला बापा? भाकर खाऊन घे." आता मी दर महिन्याला इथून पैसे पाठवतो. खुशाल आहे, असं मामा प्रत्येक पत्रात लिहवतो. बैलांचं कधीच लिहवत नाही.