कटल्याचं डोकं

कटला मासा ओळखायला शिकावं लागत नाही. भलंमोठं डोकं, वर वळलेलं तोंड. मलकापूरकडच्या माझ्या मामाला तो त्यासाठीच आवडायचा.

नव्वदच्या दशकात मी आणि माझा दोस्त कोल्हापूरजवळ माशांचं बीज तयार करायचो. इंजेक्शन देऊन मादीची अंडी काढायची, पिल्लं करून विकायची. मामानं कटल्याची पिल्लं मागितली. त्याला ती बाजारात न्यायची नव्हती. तळ्यात वाढवून पुढं त्यांच्यापासूनच बीज धरायचं होतं.

"घरचीच पोरं हायसा. अस्सल द्या," एवढंच म्हणाला.

त्या पावसाळ्यात कटल्याची मादी अंड्यांनी छान भरली, पण नर तयार होईनात. पोट दाबलं तरी पांढरा थेंब येईना. मादीला तर इंजेक्शन देऊन झालेलं. अंडी वेळेत काढली नाहीत तर सगळी वाया. मी ओल्या फडक्यात तिला धरून बसलो होतो, तेवढ्यात दोस्त पंच्यात गुंडाळलेला नर घेऊन आला.

"गावला की भावा!"

"कटलाच न्हवं?"

"मग काय रेडा आणलाय व्हय?"

मी हसलो. मादीची अंडी ताटात उतरवली. त्यानं त्यावर नर पिळला, मी कोंबडीच्या पिसानं कालवलं.

मामानं ती पिल्लं पेंड आणि कोंडा घालून वाढवली. मध्ये एकदा म्हणाला, डोकी बारीक दिसत्यात. मी म्हणालो, वाढत्याल की.

बीज धरायची वेळ आली तेव्हा त्यानं आम्हा दोघांना बोलावलं. जाळं ओढलं. एक मासा उचलून तो बराच वेळ बघत राहिला.

"माझ्या कटल्याचं डोकं कुणी खाल्लं रं?"

धड कटला नाही, धड रोहू नाही. नर रोहूचा होता. त्या तळ्यातून अस्सल बीज कधीच निघणार नव्हतं. मी दोस्ताकडं बघितलं. तो मामाला म्हणाला, "नर-मादी पारखायचं काम ह्या पावण्यांचं. मी आपला हाताखालचा."

पावणं! एका ताटात जेवलेल्या माणसानं मला रस्त्यावरच्या अनोळखी माणसासारखी हाक मारली. ती अजून कानात आहे.

मामा माझ्याकडं वळला. "तुला म्हाईत होतं व्हय?"

"न्हाय मामा. मलाबी फसवलं त्यानं."

मामानं दोस्ताला तळ्यावरूनच हाकललं आणि मला घरी जेवायला नेलं. पुढं बीजही माझ्याच हातचं घेत राहिला, मरेपर्यंत. दोस्तानं दगा दिला हे मी सगळ्यांना सांगत आलो, आणि ते खरंच आहे.

पण त्या सकाळी अंडी कालवताना नरावरचा पंचा जरासा सरकला होता. खवल्यांना तांबूस कड दिसली. रोहूला असते तशी. मादी फडफडत होती, दोस्त दुसरीकडं बघत होता. डाव्या हातानं मी पंचा पुन्हा वर ओढला आणि पीस फिरवत राहिलो.