खंडेनवमीची अंघोळ

सत्तरच्या दशकात साताऱ्यात दुचाकीच्या कारखान्यात इंजिन सुधारायचं काम करणं, म्हणजे लग्नाच्या पंगतीत पथ्याचं जेवण वाढायला उभं राहणं. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेलं. बनेल ते विकलं जायचं, मग सुधारायचं कुणासाठी? सांगलीच्या कॉलेजातून माझ्याबरोबर बाहेर पडलेले पुण्याला गेले, काही परदेशात. मी राहिलो, कारण संचालकांनी शब्द दिला होता. शर्यतीत टिकेल असं इंजिन करून दाखव, इथे विकास विभाग काढतो, प्रमुख तू. त्या शब्दावर मी ऐन उमेदीची वर्षं घातली.

घोडं अडलं होतं ठिणगीपाशी. तेव्हा प्लगला ठिणगी मिळायची ती पॉइंट्सच्या, म्हणजे धातूच्या दोन इवल्या टोकांच्या उघडझापीवर. इंजिन फार जोरात फिरू लागलं की ते नीट मिटेनात, ठिणगी चुकायची आणि इंजिन ऐन भरात खोकायचं. मी पॉइंट्सच काढून टाकले. त्यांच्या जागी लोहचुंबक आणि एक इलेक्ट्रॉनिक सर्किटचा डबा बसवला. सुटे भाग मुंबईहून यायचे, जळायचे, पुन्हा मागवायचे. शेवटी दसऱ्याच्या तोंडावर इंजिन एकदाचं न खोकता पळालं. चाचणीघरात मी एकटाच होतो, आणि आनंदानं चक्क ओरडलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संचालक बघायला येणार असं ठरलं. डबा अजून उघडाच होता. सगळी मापं घेऊन झाली की मग त्यात राळ ओतून तो बंद करायचा, अशी कामाची रीत. मी सणाला सांगलीला घरी गेलो.

आमच्या भागात खंडेनवमीला यंत्रं धुऊन पुजतात. परत आलो तर इंजिन लखलखत होतं. वर झेंडूचा भलामोठा हार, अंगभर हळदीकुंकू. चाचणीघरातला फिटर वडूजकडचा, लष्करातून सुटून आलेला. तो कौतुकानं म्हणाला, "सायेब, तुमी घरी हुता, मग तुमच्या इंजनाचं कोण करनार? आमीच पाइप लावून न्हाऊ-माखू घातलं. लय काळं झालं हुतं."

डब्यात कुंकवाचा चिखल झाला होता. त्याच्यावर चिडायची फार इच्छा झाली, पण इतक्या मायेनं त्या कारखान्यात माझ्या इंजिनाला दुसऱ्या कुणी हातही लावला नव्हता.

संचालक आले. किक मारून मारून माझा पाय भरून आला, इंजिन ढिम्म. काय झालं ते मी सांगितलं, सुटे भाग यायला आठवडा लागेल म्हणालो. फिटर पुढे होऊन चूक आपली आहे म्हणाला, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"पाण्यानं मरणारी ठिणगी घेऊन मी काय करू?" ते म्हणाले. "आपल्याकडे पाऊस पडतो."

डबा बंद झाल्यावर पाण्यात बुडवून दाखवतो, असं मी म्हणेपर्यंत ते दारात पोचले होते. आठवड्याभरात माझी बदली दुरुस्ती विभागात झाली. गावोगावच्या मेकॅनिकांना पॉइंट्स पॉलिश पेपरनं कसे घासायचे, ते शिकवायचं. इंजिनियर झालो त्याचं हे फळ. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. आमच्याकडे तर पिकलेलं कुणी उघडून बघत नव्हतं.

दशक संपत आलं तेव्हा कारखान्यानं एका परदेशी कंपनीशी करार केला. तिकडचा इंजिनियर पॉइंट्स नसलेली नवी व्यवस्था घेऊन आला. मेकॅनिकांना पुढे मीच शिकवणार, म्हणून मलाही बोलावलं. तेच लोहचुंबक, तेच सर्किट, फक्त डबा राळेनं बंद. समजावायला कुठून सुरुवात करू, यावर आधी इथे कुणी काम केलं आहे का, असं त्यानं विचारलं. माणूस भला होता.

संचालक हसून म्हणाले, "नाही हो. आमच्याकडे यातलं कुणालाच काही ठाऊक नाही. अगदी पहिल्यापासून शिकवा."

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. घरी बायको होती, दोन मुलं होती. मी पहिल्यापासून शिकलो.