देवापुढची मूठभर बाजरी

ती ऊसतोडीची बाई अजून डोळ्यांपुढं येते. हल्ली एकटी येत नाही. तिच्याआधी माझी बायको येते, हातात ओलं फडकं घेऊन.

बहात्तरच्या आसपासची गोष्ट. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका ठाण्यात मी जमादार होतो. शिक्षण सातवी. बाई तक्रार घेऊन आली. तालुक्याच्या दुकानातून आणलेली संकरित बाजरी पेरली, दाणा उगवला नाही. रानात ओल होती फार तर आठवडाभराची. तेवढ्यात दुसरं बी पडलं नाही तर वर्ष गेलं.

दुकानदाराला बोलावलं. तो हसला. ‘‘जमादार, पावतीच्या मागं वाचा. वाचता येतं ना?’’ छापलं होतं, उगवणीला दुकान जबाबदार नाही. खाली बाईचा अंगठा. मी तिला म्हणालो, अंगठा दिलास, आता काय करणार.

‘‘पिशवी मिळाली म्हनून अंगठा दिला, सायेब. मेलेलं बी चालंल म्हनून न्हाई दिला.’’

पेरणीआधी मूठभर बी घरच्या देवापुढं ठेवायची तिकडं रीत आहे. ती मूठ तिनं टेबलावर सोडली आणि गेली.

मी ती घरी नेली. बायकोनं सगळं ऐकलं. ‘‘छापलं की खरं व्हय? लई शहाणे तुमी.’’ निम्मे दाणे तिनं मटकीशेजारी ओल्या फडक्यात बांधले. तिसऱ्या दिवशी सकाळी गाठ सोडली. मटकीला मोड, बाजरी वाळूसारखी, एका दाण्यालाही मोड नाही.

फडकं तसंच फौजदारांपुढं ठेवलं. त्यांनी बियाणे निरीक्षकाला बोलावलं. झडतीत दुकानाच्या मागच्या खोलीत बाजारची किडकी बाजरी, ती बियाण्यासारखी दिसावी म्हणून रंगाचा डबा आणि पिशव्या शिवायचा दाभण सापडला. दुकानदार पुन्हा पावती दाखवू लागला. निरीक्षक म्हणाले, ‘‘कायद्यानं अंगावर टाकलेली जबाबदारी पावतीमागं छापून झटकता येत नाही.’’ तासाभरात तो कबूल झाला. निरीक्षकानं संध्याकाळच्या आत बाईला चांगलं बी मिळवून दिलं. उरल्या ओलीत पेरणी झाली.

छापील ओळ वाचून मी एका खऱ्या बाईला परत पाठवलं होतं. पुढं नोकरीभर कागद आधी बाजूला ठेवायचो, माणसाचं ऐकायचो, मग वाचायचो.

सुगीत बाई पहिलं कणीस घेऊन घरी आली; फडक्याची गोष्ट तिच्या कानावर गेली होती. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, थेट चुलीपाशी गेली. बायकोनं ते चौकटीला बांधलं.

बायको जाऊन दोन वर्षं झाली. पहाटे डोळा लागतो तेव्हा ती फडक्याची गाठ सोडत बसलेली असते. विचारते, ‘‘आली का हो तिची बाजरी?’’

आली, म्हणतो. मग ती उठून जाते.