हुपरीचा खोकला परदेशी कुलपात

आमच्या कॉलेजात संशोधनाचा पेपर वाचायचा नसतो. छापून आला की फेटा बांधायचा असतो. आमच्या सरांचा परदेशी जर्नलमध्ये आला, तेव्हा गेटवर फ्लेक्स लागला. प्राचार्य त्या पेपरवर अर्धा तास बोलले. वाचला नव्हता. हॉलमध्ये कुणीच वाचला नव्हता.

सर उठले, फेटा काढून टेबलावर ठेवला. "हा पेपर आपल्या लायब्ररीत उघडत नाही. पैसे भरल्याशिवाय मलाही उघडत नाही. हक्क मी सही करून देऊन टाकलेत. कागद न वाचता."

त्यावरही टाळ्या पडल्या!

मी पत्रकं लिहिणारा, गोड बोलणं जमत नाही. सरांनी फुकट लिहायचं, दुसऱ्या सरांनी फुकट तपासायचं, पगार जनतेनं द्यायचा. आणि प्रकाशक कुलूप ठोकून दारात बसणार. आमचे विद्वान त्याच दारात उभं राहून फोटो काढणार. थू!

पेपर होता हुपरीतल्या खोकल्यावर. तिथं घराघरांत पैंजणं घडतात. ज्योतीवर सांधे जोडताना खिडक्या लावून घेतात, कारण वाऱ्यानं ज्योत हलते, चांदीचा कीस उडतो. धूर आतच कोंडतो. ज्या मावशीनं सरांना सगळं सांगितलं, ज्योत वळवायच्या नळीत फुंकून दाखवलं, तिला निष्कर्ष कुणी कळवलाच नव्हता.

सरांनी आपल्या शब्दांत मराठी सारांश लिहिला, मी पत्रक छापलं. प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. "पत्रकाला पॉइंट नसतात, सर. प्रमोशनचं बघा जरा."

"आजवर तेच बघत होतो की."

आम्ही एसटीनं हुपरीला गेलो. मावशीच्या शेजारी आता तिची सूनही कामाला बसलेली, खोकत. सरांनी वाचून दाखवलं : धूर बाहेर जाऊ द्या, खिडकी उघडा, ज्योतीला आडोसा करा.

"एवढंच?" मावशी म्हणाली. "हे तुमास्नी कवा कळलं ओ, सर?"

"दोन वर्षं झाली."

"आन् आज सांगताय व्हय? तवा ही पोरगी हितं बसत न्हवती."

सरांनी पत्रकाची घडी करून खिशात घातली. सत्कारात बोलणं सोपं असतं, हे मलाही तिथं कळलं.

मावशीनं सुनेला उठवलं. "ऊठ गं, आदी खिडकी उघड." मग सरांकडं वळून म्हणाली, "हितं बसून काय उपेग? शेजारी जाऊन वाचा. त्यांच्याबी बंदच हाईत."