निबकाकांनी घालवलेले ओरखडे

निबकाकांकडे पेन नेलं, की ते आधी कोरा कागद पुढे सरकवत. "पत्ता लिही. नाव नको. नाव लिहिताना माणूस मिरवतो, पत्ता लिहिताना हात खरा पडतो." मग कान कागदाजवळ नेऊन ऐकत बसत. निब कुठे अडते ते त्यांना आवाजावरून कळायचं. शाळेतली कारकुनी संपल्यावर दाना ओली नावाच्या गल्लीतल्या घरात, खिडकीशी, त्यांनी हे पेनदुरुस्तीचं टेबल मांडलं होतं.

पेनावरचे ओरखडे घालवण्यात त्यांचा हात धरणारा ग्वाल्हेरात कुणी नव्हता. मऊ फडकं, कणभर टूथपेस्ट आणि हात एकाच दिशेने. "गोल गोल घासलं, तर पेन रुसतं," म्हणायचे. काम झालं की पेन पुढे करून विचारायचे, "गेले?" समोरचा "गेले" म्हणेपर्यंत त्यांना चहा चालत नसे. वहिनी, म्हणजे त्यांची सून, कप घेऊन दारातच थांबायची.

माझं अक्षर कोंबडीच्या पायांचं. तरी पन्नाशी आल्याच्या आनंदात मी काळंभोर, टोपणाला सोनेरी कडं असलेलं पेन घेतलं, आणि तिसऱ्याच दिवशी मोटरसायकलच्या किल्ल्यांबरोबर एकाच खिशात ठेवलं. टोपणावर केसाएवढे तीन ओरखडे. बायको म्हणाली, "अहो, भिंग लावलं तर दिसतील. कोण बघणारे तुमचं पेन?" मला मात्र जेवताना, झोपताना तेच दिसत. निघालो मुरारच्या घरून दाना ओलीला.

"कुठे आहे खरोंच? बोट ठेवून दाखव," काका म्हणाले. मला वाटलं, ही त्यांची पद्धत. पेन ठेवून आलो.

चार दिवसांनी गेलो, तर म्हणाले, "अजून थोडे बाकी आहेत, रुक जरा." पुढच्या आठवड्यातही तेच. तिसऱ्या खेपेला मी वैतागूनच गेलो. भर दुपार होती, टेबलावर ऊन पडलं होतं. काकांनी पेन पुढे केलं. "गेले?"

कड्यावरचं सोन्याचं पाणी पार उडालं होतं. "काका, हे काय केलंत! पितळ दिसतंय इथे!"

"कुठे?"

पेन त्यांच्याच हातात होतं, कडं त्यांच्याच तोंडासमोर. दारात वहिनी कप घेऊन उभी होती. "बाबा, तुम्हाला दिसत नाहीए का?"

"ऊन येतंय ग डोळ्यावर," काका घाईने म्हणाले.

तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण नवं पेन होतं ना माझं! मी त्यांचा अंगठा धरून कड्यावर ठेवला. "इथे, काका. चारी बाजूंनी."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. एक डोळा कधीच गेला होता, दुसऱ्यात जेमतेम उजेड उरला होता. निबचं काम ते कानाने आणि बोटांनी निभावत आले होते, घरात कुणाला पत्ता लागू न देता. केसाएवढा ओरखडा मात्र ना कानाला कळतो, ना बोटाला. म्हणून ते नुसते घासत राहिले होते.

मुलाने टेबल उचललं. त्याचंही काय चुकलं? टेबलावर ब्लेड असायचं. तिथे कूलर आला. काका त्याच्या शेजारी खुर्चीत बसून राहत, अंगठा मांडीवरच्या धोतरावर फिरत असे, एकाच दिशेने. त्या थंडीत ते वारले.

त्याच्या पंधरा दिवस आधी मी गेलो होतो. पावलांवरून ओळखलं त्यांनी. "मुरारवाला ना? पेन आणलंयस?" मी हातात दिलं. त्यांनी अंगठा फिरवला, तो कड्यापाशी जरा थांबला. मग पेन माझ्यापुढे धरलं.

"गेले?"

ओरखडे तर खरोखरच गेले होते. एवढं त्या दुपारी म्हटलं असतं, तर ते टेबल आणखी काही महिने तिथे राहिलं असतं.

"गेले, काका."

"सूनबाई," त्यांनी आत हाक मारली, "चहा आण."