लेमोनेडच्या बाटलीतलं टर्पेंटाइन

टर्पेंटाइनचा वास आला की परदेशातलं, टूनगॅबीतलं आमचं पहिलं घर आठवतं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. खिडक्या रंगवून उरलेलं, रंग पातळ करायचं टर्पेंटाइन मी लेमोनेडच्या रिकाम्या बाटलीत ओतून गराजमध्ये ठेवलं, आणि आमची तीन वर्षांची लेक ते प्यायली. खोकून खोकून ती निळी पडली. मी तिला मिठाचं पाणी पाजायला धावलो, तेवढ्यात अँब्युलन्सला फोन लावलेली बायको किंचाळली, "थांब! ओकायला लावू नकोस, फुप्फुसात जाईल म्हणतायत!" हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी लेकीचा श्वास सुधारला. "बाटली कोणी भरली होती?" डॉक्टरांनी विचारलं. बायको म्हणाली, "आम्ही दोघांनी." तिच्या त्या 'दोघांनी'बद्दल मी अजून तिच्याशी काही बोलू शकलेलो नाही.